नाकोबाचं नाक आणि माझं नाव

माणूस नश्वर आहे, पण त्याने काढलेलं नाक अमर आहे.

हे वाक्य मला एका सकाळी अंघोळ करताना सुचलं. इतकं मोठं वाक्य निवृत्तीनंतर सुचावं याचं जरा वाईटच वाटलं. ते ताबडतोब लिहून ठेवावं म्हणून तोंडाला साबण असतानाच बाहेर आलो, तर ही म्हणाली, "नळ बंद केलात का?" केला नव्हता. परत आत जाऊन नळ बंद करेपर्यंत वाक्याचा उत्तरार्ध वाहून गेला. उत्तरार्ध जास्त चांगला होता, एवढंच आठवतं.

तर नाकाबद्दल. एकतीस वर्षं मी एका दैनिकात तीन चौकटींची चित्रमालिका काढत होतो. पान आठ, खालचा उजवा कोपरा. वर हवामान, शेजारी निधनवार्ता. म्हणजे उद्या पाऊस आहे का आणि काल कोण गेलं हे पाहून झालं की उरलेल्या वेळात लोक मला हसायचे. मालिकेतल्या माणसाचं नाव नाकोबा. लांबलचक नाक, आखूड विजार, आणि जिथे काम नाही तिथे हजर. पहिल्या चौकटीत कोणाचं तरी काहीतरी सुरळीत चाललेलं असायचं, दुसऱ्या चौकटीत नाकोबा सल्ला द्यायचा, तिसऱ्या चौकटीत ते मोडलेलं असायचं. बस, एवढंच. या हिशेबाने नऊ हजारांवर वस्तू मी त्याच्याकडून मोडून घेतल्या.

या चित्रांखाली माझं नाव कधी आलं नाही. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात सही केली होती, ती संपादकांनी खोडली. "सहीला अर्धा इंच लागतो," ते म्हणाले. "अर्ध्या इंचात खोली भाड्याने देण्याची जाहिरात बसते." मी तरुण होतो. म्हटलं, वर्षभराने विचारू. वर्षभराने विचारलं तर म्हणाले, "आता सही टाकली तर लोक विचारतील, इतके दिवस कोण काढत होतं?" हा युक्तिवाद मला आजतागायत खोडता आलेला नाही. पुढे दैनिक बंद पडलं, संपादक गेले, आणि नाकोबा मी काढला हे ठामपणे सांगू शकणारी माणसं तीन उरली. एक मी. दुसरी ही, पण ती ते चारचौघांत कबूल करत नसे. तिसऱ्या माणसाबद्दल पुढे सांगायचंच आहे, कारण त्याच्यावाचून सुटका नाही.

नऊ वर्षं अशी शांततेत गेली. मग एके दिवशी ही पेपर वाचता वाचता थांबली. एका फिल्म कंपनीची बोटभर नोटीस होती: 'नाकोबा' या पात्राच्या जनकाने किंवा त्याच्या वारसांनी आठ दिवसांत संपर्क साधावा.

"वारसांनी, असं लिहिलंय," ही म्हणाली. "लवकर करा काय ते."

मी फोन केला. पलीकडे एक करारवाल्या बाई होत्या. आवाज इतका गोड, की ऐकताना खिसा चाचपून पाहावासा वाटावा.

"नाकोबाचे जनक का? वा. तुम्ही चौथे."

"चौथे म्हणजे?"

"तुमच्याआधी तिघांनी सांगितलं की नाकोबा त्यांचाच. एका गृहस्थांनी तर नमुना पण पाठवलाय. फार छान नाक काढलंय, सर."

एकतीस वर्षं ज्याला कोणी बाप विचारला नाही, त्याला एका आठवड्यात चार बाप मिळाले होते.

ही गोष्ट मी फक्त खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरना सांगितली, तीही कोणाला सांगू नका या अटीवर. संध्याकाळपर्यंत तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, शेजारच्या वहिनी आणि पाण्याचा पंप चालू करणारा माणूस असे तिघे मला सल्ला देऊन गेले.

"सिनेमा खुशाल देऊन टाका," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "डबे देऊ नका."

"कसले डबे?"

"शाळेचे डबे. पाण्याच्या बाटल्या, दप्तरं, खोडरबरं. सिनेमात पैसा नसतो हो, डब्यात असतो. सिनेमा महिनाभर चालतो, डबा चार वर्षं."

डॉक्टर म्हणाले, "टूथब्रश विसरू नका. आणि त्यावर माझा नंबर छापता आला तर बघा."

मॅनेजर मात्र गंभीर होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना कर्ज नाकारलं होतं, त्यामुळे चेहऱ्याला एक भारदस्तपणा आला होता. "तुम्हाला नक्की काय हवंय?" त्यांनी विचारलं. "पैसा की हक्क?"

मला काय हवं होतं ते मला फोन ठेवल्यापासून माहीत होतं, पण सांगायला लाज वाटत होती. मला माझं नाव हवं होतं. मोठ्या पडद्यावर, काळ्यावर पांढऱ्या अक्षरात: नाकोबा या पात्राचे निर्माते, आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट. अर्ध्या इंचाचं उट्टं मला वीस फुटांनी काढायचं होतं.

"नाव?" मॅनेजर म्हणाले. "नावावर कोणती बँक व्याज देते?"

कंपनीचं ऑफिस सगळं काचेचं होतं. कुठे दार आणि कुठे भिंत हे कळायला मार्ग नव्हता. कळलं ते कपाळाला कळलं. करारवाल्या बाईंनी पाणी दिलं, कपाळाला लावायला बर्फ दिला आणि चौसष्ट पानांचा करार दिला. त्यात कंपनीला नाकोबाचं नाव, शरीर, आवाज, सवयी आणि सावली ही विश्वातल्या सर्व ज्ञात आणि अद्याप शोध न लागलेल्या माध्यमांत वापरण्याचा हक्क हवा होता. शोध न लागलेल्या माध्यमाबद्दल मी जरा रेंगाळलो. उद्या काही शोध लागला आणि त्यात नाकोबाचे हाल झाले तर? बाई म्हणाल्या, हे असंच असतं सर, सगळे असंच सही करतात.

"मला पडद्यावर नाव हवं," मी म्हणालो.

"नक्कीच, सर. पण आधी तुम्हीच जनक आहात याचा एक छोटासा पुरावा."

कोपऱ्यात कंपनीचे वकील बसले होते. ते डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखे वाटत होते. त्यांनीही ऐकावं, म्हणून मी आवाज जरा चढवला. आयुष्यातल्या माझ्या बहुतेक चुका आवाज चढवून केलेल्या आहेत.

"पुरावा कसला हवा? हे नाक मी कल्पनेतून काढलेलं नाही. प्रत्यक्ष जीवनातून घेतलंय. ते आमच्या हिच्या थोरल्या भावाचं नाक आहे."

वकील जागे झाले. त्यांनी पेन काढलं. "भाऊ हयात आहेत?"

"ठणठणीत."

"मग त्यांचं ना हरकत पत्र लागेल."

बाईंनी माझ्याकडे, मुलगा परीक्षेत नको ते लिहून आला की आई पाहते, तसं पाहिलं.

आता पुरावा. आधी मी जुन्या दैनिकाच्या कचेरीत गेलो. जिथे संपादक बसायचे तिथे गाद्यांचं दुकान होतं. मालकाला मी माझी अडचण सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मला एका गादीवर आडवं व्हायला सांगितलं. "पाठीला कसं वाटतंय?" मी म्हटलं, बरं वाटतंय. खरंच बरं वाटत होतं. ज्या जागी माझी सही खोडली गेली त्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकली होती. जुने अंक त्याने जागा घेतली तेव्हाच रद्दीत गेले होते.

मग हक्क-नोंदणीच्या सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने एक अर्ज दिला. त्यात पात्राची जन्मतारीख, पात्राचा सध्याचा पत्ता आणि 'पात्र अज्ञान असल्यास पालकाची सही' असे रकाने होते.

"पात्र कागदावरचं आहे," मी म्हणालो.

"सगळं कागदावरच असतं," कारकून म्हणाला. "रकाना रिकामा ठेवू नका, अर्ज परत येतो."

मी पत्त्याच्या जागी 'पान आठ' असं लिहिलं. अर्ज परत आला. पिन कोड नव्हता.

शेवटचा आधार म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. तिथे त्या दैनिकाचे सगळे अंक वर्षावार बांधून ठेवले होते. ग्रंथपाल बाईंनी पहिलं बाड काढून दिलं. मी पान आठ उघडलं. हवामान होतं. निधनवार्ता होत्या. उजव्या कोपऱ्यात चौकोनी भोक होतं, आणि भोकातून पान सहावरचे बाजारभाव दिसत होते. दुसरा अंक, तेच. दुसरं बाड, तेच. एकतीस वर्षं, भोक.

"कोणीतरी वाचक कापून न्यायचा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "आमच्या लक्षात आलं होतं. पण इतकं सरळ कापायचा, की आम्हाला रागवावंसं वाटेना."

मी घरी येऊन हिला सांगितलं. आपल्याला असाही एक चाहता होता, हे मी तीनदा सांगितलं. ही मात्र भाजी निवडायची थांबली.

"सरळ म्हणजे पट्टी लावल्यासारखं?"

"अगदी."

"मग तो दादा," ही म्हणाली.

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ. तोच तिसरा माणूस. वजन-मापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढलेला. बाजारात दादा शिरले की दुकानदार काटे लपवायचे, आणि दादा ते शोधून काढून त्यांना योग्य वजन ठेवण्याबद्दल सल्ला द्यायचे. दादांचं नाक हा आमच्या लग्नात मला दिसलेला पहिला अवयव. नवरी नंतर दिसली. त्यांच्यावरून मी नाकोबा काढला हे त्यांना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि यावर आम्ही दोघांनी एकतीस वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. भेटलो की हवामानावर बोलायचो. आमच्याइतकं हवामानावर वेधशाळेतही कोणी बोललं नसेल.

"तुम्ही बोलू नका," ही जाताना म्हणाली. "मी बोलते. तुम्ही फक्त पडेल चेहरा ठेवा."

दादांनी दार उघडलं. हिने सगळं सांगितलं. दादांनी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत एकतीस फायली होत्या. प्रत्येक चित्र एका कोऱ्या कागदावर चिकटवलेलं, वर तारीख, कोपऱ्यात ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्का: बाहेर नेऊ नये.

"दादा, हे ग्रंथालयातून?" मी न राहवून विचारलं.

"तुमचं दैनिक मी विकत घेणार नव्हतो, भावोजी," दादा म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न होता."

प्रत्येक चित्राखाली दादांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता. 'शिडीचा प्रसंग. शिडी मी धरली होती, सल्ला दिला नव्हता.' 'हे हिच्या डोहाळ्यांच्या वेळचं. साफ खोटं.' 'हे खरं आहे, पण छापण्याची गरज नव्हती.' एका चित्राखाली नुसतं 'असो' होतं. ते वाचून मला सर्वांत जास्त लागलं.

"हे सगळं जपून का ठेवलंत?"

"दावा लावायला. अब्रुनुकसानीचा. पुरावा पूर्ण झाला की लावणार होतो. तुम्ही काढायचे थांबेचनात."

मग त्यांनी पहिल्या फाईलमधून एक पत्र काढलं. नाकोबाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी संपादकांकडे लेखी तक्रार केली होती, त्याचं उत्तर. दैनिकाचं छापील नाव, शिक्का, संपादकांची सही. 'आपले पत्र मिळाले. सदर चित्रे आमचे चित्रकार,' आणि पुढे माझं नाव, वडिलांच्या नावासकट, 'हेच काढतात. त्यांना योग्य ती समज देण्यात आली आहे. कळावे.'

समज मला कधी मिळाली नव्हती. पण माझं नाव आणि नाकोबा एका ओळीत मी पहिल्यांदाच पाहत होतो. जगात माझ्या बाजूचा एकच कागद होता, आणि तो माझ्याविरुद्ध जमवलेला होता. मी ते पत्र उजेडात नेऊन पुन्हा वाचलं. दादांनी ते परत घेतलं, घडीवर घडी ठेवली आणि फाईलमध्ये लावलं.

"पत्र देतो, फायली देतो. ना हरकत पत्रही देतो. पण आधी सुनावणी."

सुनावणी चार दुपारी चालली. दादा खुर्चीवर, मी समोर स्टुलावर, मध्ये ही चहा करायला आणि निकाल द्यायला. दादा चित्र दाखवायचे, शेरा वाचायचे आणि विचारायचे, "यावर आपलं काय म्हणणं?" माझं म्हणणं सुरुवातीला कलावंताचं असायचं, दहाव्या चित्रापर्यंत जावयाचं झालं आणि तिसऱ्या फाईलपासून नुसतंच "चुकलो" असं असायचं. दुसऱ्या दुपारी दादांनी एका चित्रावर बोट ठेवलं आणि ते एकदम हसले. लगेच त्यांनी ते खोकल्यात लपवलं, पण हिने पाहिलं होतं. "दादा, हसलास," ही म्हणाली. "नाकात काहीतरी गेलं," दादा म्हणाले. तिथे काय, मालगाडी गेली असती.

अखेर सव्विसाव्या फाईलवर हिने दोघांनाही दोषी ठरवलं आणि स्वयंपाकाला निघून गेली. दादा म्हणाले, सही करतो, पण कंपनी काय करतेय ते डोळ्यांनी पाहिल्यावर. "आयुष्यात एका काट्यावर न तपासता शिक्का मारलेला नाही."

म्हणून फायलींचं गाठोडं घेऊन आम्ही दोघे काचेच्या ऑफिसात गेलो. दादांना मी दार दाखवलं. आयुष्यात प्रथमच मी त्यांना उपयोगी सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही, आणि बाईंना पुन्हा बर्फ आणावा लागला.

टेबलावर मातीचा नवा नाकोबा उभा होता. वय सव्वीस. केस कपाळावर. विजार लांब. दंड असे, की याला कोणी सल्ला मागण्याऐवजी कपाट हलवायला बोलावलं असतं. आणि नाकाच्या जागी शर्टाचं बटण असावं तेवढा एक गोड उंचवटा.

"हा कोण?" मी विचारलं.

"नाकोबा," बाई म्हणाल्या. "आजच्या पिढीला आपला वाटायला हवा ना, सर."

वकील आज स्वतःहून जागे होते. "एक चांगली बातमी आहे. आता साम्यच उरलेलं नाही. त्यामुळे यांच्या ना हरकत पत्राची गरज नाही."

दादांनी मातीच्या नाकोबाकडे पाहिलं. मग वकिलांकडे. "म्हणजे हा मी नाही?"

"अजिबात नाही, सर. निश्चिंत राहा."

"एकतीस वर्षं मी होतो."

"आता नाही."

दादा खुर्चीत बसले. एकतीस वर्षं ज्या अपमानावर त्यांनी लोखंडी कपाट भरलं, तो अपमान कोणीतरी न विचारता काढून नेला होता. मला त्यांची इतकी दया आली, की मी टेबलावर हात आपटला. हात काचेवर होता म्हणून हळूच आपटला.

"नाक नसेल तर नाकोबा नाही," मी म्हणालो. "आणि मग माझी सही नाही."

"सर, आमची अडचण समजून घ्या," बाई म्हणाल्या. "खेळणी निघणार आहेत. टोकदार भाग चालत नाही. तीन वर्षांखालची मुलं चावतात."

"तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हा द्यायचाच कशाला? एकतीस वर्षं तो मोठ्या माणसांना त्रास देतोय."

"भावोजी, थांबा," दादा म्हणाले. त्यांनी गाठोड्यातून एक लांब घडीचा कागद काढून टेबलावर पसरला. बारीक रकाने, आकडे, लाल रेघा. "प्रत्येक चित्रातलं नाक मी मोजलंय. नाक, डोकं, विजार, यांचं एकमेकांशी प्रमाण. पहिल्या वर्षी नाक डोक्याच्या दोन पंचमांश होतं. शेवटच्या वर्षी जवळपास निम्मं. यांनी दरवर्षी थोडं थोडं वाढवत नेलंय. मला वाटायचं, माझ्या लक्षात येणार नाही असं समजून वाढवताहेत."

मी कधी मोजलं नव्हतं. हात जाईल तसं काढत होतो. पण त्या क्षणी हे कबूल करणं मला बरं दिसेना.

तेवढ्यात शेजारच्या काचेतून एक गृहस्थ आत आले. कंपनीच्या परवान्यांचं ते बघत. म्हणजे कोणत्या पात्राचं तोंड कोणत्या बाटलीवर छापायचं हे ठरवत. त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "हे स्टाईल गाईड आहे," ते हळूच म्हणाले. "दप्तरवाला, ब्रशवाला, बाटलीवाला, प्रत्येकाला मापं द्यावी लागतात. नाहीतर जो तो आपापला नाकोबा काढतो. हे बनवून घ्यायला आम्ही सहा महिने घालवतो. काका, हे कोणत्या संस्थेने केलं?"

"मी," दादा म्हणाले. "रागाने."

"आणि नाकाचं काय करायचं?"

दादांनी मातीच्या पुतळ्यावर बोट ठेवलं. अगदी दुसऱ्या चौकटीतल्यासारखं. मला धस्स झालं. "नाक सुटं ठेवा. ज्याला समज आहे त्याने लावावं."

"सुटं नाक," परवानेवाले म्हणाले. "म्हणजे वेगळं विकता येईल."

मग सगळे दादांशी एकदम बोलायला लागले.

अशा रीतीने नाक वाचलं, आणि संपादकांचं पत्र वकिलांनी पुरावा म्हणून लावून घेतलं. दादांशी त्याच दिवशी वेगळा करार झाला. हुद्दा: प्रमाण सल्लागार. त्यांनी तो उभ्या उभ्या तीनदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आणि त्या मान्य झाल्या. माझ्या करारात दुरुस्ती सुचवायला मी तोंड उघडलं, तेव्हा बाई म्हणाल्या की बाकीच्या तिघांपैकी छान नाकवाले गृहस्थ रोज फोन करत आहेत.

"माझं नाव?" मी विचारलं.

"आहे ना, सर. कलम एकेचाळीस."

कलम एकेचाळीसमध्ये ते खरंच होतं. जनक म्हणून माझं नाव पडद्यावर 'कंपनीच्या सोयीनुसार योग्य ठिकाणी' दाखवण्यात येईल. मी सही केली. सही करताना वडिलांचं नावही लिहिलं, कारण इतकी मोठी जागा सहीला पहिल्यांदाच मिळाली होती.

मॅनेजरनी करार वाचून काढायला रविवार घेतला. "नाव कुठे येणार, किती मोठं, किती वेळ, हे लिहून घेतलंत?"

"माणसं मनाने मोठी आहेत हो."

"मन कोणत्या कलमात आहे?"

मग त्यांनी मला निव्वळ नफ्यातल्या वाट्याचं कलम समजावून सांगितलं. निव्वळ नफा म्हणजे सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरतं ते. आणि फिल्म कंपन्या, ते म्हणाले, पातेलं घासूनच पुढे सरकवतात. डब्यांचंही तसंच. वहिनींनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. हातात जे आलं त्यात घराला रंग लागला, तोही बाहेरच्या खोलीला. नमुना म्हणून कंपनीने एक खोकं मात्र पाठवलं. त्यात बारा डझन सुटी नाकं होती. नाकोबा एकही नव्हता. डॉक्टरांनी दोन डझन नेली आणि दवाखान्यात रडणाऱ्या पेशंटना वाटली. पंपवाल्याने एक पंपाच्या खटक्यावर बसवलं. उरलेली हिने भिंतीला लावली. टॉवेल अडकवायला उत्तम आहेत, असं ही म्हणते.

वर्षभराने सिनेमा आला. दुपारच्या खेळाची तिकिटं कंपनीने पाठवली: दादांना तीन, मला दोन. दादांनी आपल्यातली दोन मॅनेजर आणि वहिनींना दिली, त्यामुळे माझी फजिती पाहायला पुरेशी माणसं होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंधारात तो कोणाला दिसणार नव्हता, पण मला माहीत होतं.

दिवे गेले. पहिलीच पाटी आली. काळ्यावर पांढरी, पडदाभर अक्षरं: नाकाचे मूळ प्रेरणास्थान आणि प्रमाण सल्लागार, आणि पुढे दादांचं संपूर्ण नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा अंधारातच उठून उभे राहिले, मागच्यांनी त्यांना बसायला सांगितलं. मी पुढच्या पाटीची वाट पाहिली. पुढच्या पाटीवर सिनेमा सुरू झाला.

सिनेमाबद्दल मला काही सांगता येणार नाही. प्रत्येक पाटी वाचायची असल्यामुळे मी दुकानांच्या, रस्त्यांच्या आणि दवाखान्याच्या पाट्याही वाचत होतो. लोक हसत होते. एकदा माझ्या अकराशेव्या की बाराशेव्या चित्रातला विनोद जसाच्या तसा आला तेव्हा दादांनी मला कोपराने ढोसलं. "हे खोटं होतं," ते कानात म्हणाले, "पण चांगलं होतं." एकतीस वर्षांत मला मिळालेली ती पहिली समीक्षा.

सिनेमा संपला. दिवे लागले, लोक उठले, आणि पडद्यावर बारीक अक्षरांत नावं वर सरकू लागली.

"शेवटी असणार," मी हिला म्हणालो. "मोठी नावं शेवटीच ठेवतात."

"हो," ही म्हणाली, आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. तिने मला इतक्या सहज हो म्हणण्याची ही दुसरी वेळ.

रंगवाले गेले. सुतार गेले. केस विंचरणारे, केस विंचरणाऱ्यांचे मदतनीस. कुत्रा सांभाळणारे, ज्या दृश्यात कुत्रा होता ते मात्र मला आठवेना. जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे, खुर्च्या भाड्याने देणारे. वहिनी आणि मॅनेजर दारापाशी जाऊन थांबले. सगळ्या सभागृहात आम्ही तिघेच उरलो. दादांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं होतं. "अक्षरांची उंची वीतभरसुद्धा नाही," ते पुटपुटले. "अर्ज करू आपण. मी करतो तुमच्या वतीने." मी मान हलवली, पण नजर हलवली नाही. 'विशेष आभार' आलं. त्याखाली एक पेट्रोल पंप, दोन हॉटेलं, एक महापालिका. मग थोडी मोकळी जागा. मग तळातून 'पात्राचे जनक' असे दोन शब्द डोकं वर काढू लागले, आणि त्यांच्या खाली एका ओळीचं फक्त वरचं टोक दिसलं. मी खुर्चीच्या कडेवर आलो. हिने माझा हात धरला.

तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून झाडू घेऊन एक बाई आल्या, बरोबर माझ्या आणि पडद्याच्या मध्ये वाकल्या आणि म्हणाल्या,

"काका, जरा पाय वर घ्या."